एकाच वचनाची थाळी

पहिली जानेवारी, सकाळची प्रार्थना. चर्चमध्ये डावीकडच्या तिसऱ्या बाकावर मी, माझी बायको पद्मा, आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे जेबमणी सार आणि बाकाच्या कडेला चाकांच्या खुर्चीत त्यांची बायको मर्सी अक्का. थाळीत टाकायला मी पन्नास रुपये नेले होते. ते मी चुकीच्या थाळीत टाकले.

तिथे दोन तऱ्हेच्या थाळ्या फिरतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही तंजावरचे मराठी. आमचे देव वेगळे, आणि कोणाच्या लग्नाखेरीज चर्चमध्ये मी पाऊल टाकलेलं नव्हतं. त्या दिवशी गेलो ते मर्सी अक्कांनी बोलावलं म्हणून. त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. ऑक्टोबरात कळलं, तेव्हाच तो पुढे गेलेला होता. पुढच्या पहिल्या जानेवारीला त्या असतील असं डॉक्टरांपैकी कोणी म्हणत नव्हतं. "पद्मा, तू ये. राव सारांनाही आण. खुर्ची ढकलायला नाही, ती डॅनियल ढकलेल. नुसते बसा माझ्याजवळ," असं त्या म्हणाल्या होत्या. डॅनियल म्हणजे त्यांना दवाखान्यात नेणारा रिक्षावाला. तोही आमच्याच बाकावर होता. (त्यांचं आमचं सगळं बोलणं तमिळमध्ये व्हायचं. आमच्या घरातली मराठीही निम्मी तमिळच आहे. इथे मी सगळं सरळ मराठीत लिहितो आहे.)

एक थाळी पैशांची. दुसरी पितळेची, तिच्यात घडी घातलेली छोटी कार्डं. वर्षाच्या पहिल्या दिवशी प्रत्येक घराने त्या थाळीतून एक कार्ड उचलायचं. कार्डावर त्यांच्या वेदातलं एक वचन असतं. त्यांच्या ग्रंथाला हे लोक वेदच म्हणतात, आणि पाद्र्याला अय्यर. जे वचन हाताला लागेल ते देवाने त्या वर्षासाठी त्या घराला दिलं, असं मानतात. म्हणून निवडायचं नाही. डोळे मिटून हात घालायचा. नंतर ते कार्ड वर्षभर घरातल्या भिंतीवर राहतं.

आमच्या बाकाची थाळी जेबमणी सारांनी स्वतः धरली होती. अक्कांनी डोळे मिटले, हात घातला, घडी उघडली आणि दुसरीच्या वर्गाला वाचून दाखवावं तसं मोठ्याने वाचलं. मरण तुला नाही, तू जगशील आणि मी काय केलं ते लोकांना सांगशील, अशा अर्थाचं वचन होतं.

मागच्या बाकावरची एक बाई रडायला लागली. अय्यर वेदीवरून खाली आले. चारी बाजूंनी "स्तोत्रम, स्तोत्रम" सुरू झालं. सगळे त्या कार्डाकडे पाहत होते. जेबमणी सार मात्र थाळीकडे पाहत होते.

मी सहकार खात्यात ऑडिटर आहे. लोकांवर विश्वास ठेवण्यासाठी मला पगार मिळत नाही. कॅशियर आकडा मोठ्याने वाचतो तेव्हा मी कागदाकडे बघत नाही, बाकीच्यांकडे बघतो. ज्याला आकडा आधीपासून माहीत असतो त्याचं लक्ष दुसरीकडे असतं.

पद्माने आमच्या घराचं म्हणून एक कार्ड उचललं. डॅनियलने उचललं, पलीकडे बसलेल्या, पद्माचे ब्लाउज शिवणाऱ्या रूबी अक्कांनी उचललं. आणि मी, पैसे कधी मागतात याची वाट पाहत बसलेला, माझी नोट त्या कार्डांवर ठेवून मोकळा झालो. सारांनी दोन बोटांनी ती उचलली.

"राव सार, ही पैशांची थाळी नव्हे."

एवढं बोलून त्यांनी थाळीवर पंजा ठेवला आणि मागच्या बाकाकडे न देता ती उचलून आत घेऊन गेले. मागच्या बाकाला दुसरी थाळी आली. मी ते मनात नोंदवून ठेवलं. एका निरोगी संशयापलीकडे तेव्हा त्याला काही अर्थ नव्हता.

संशय जड जावा असा हा माणूस होता, हेही सांगायला हवं.

जेबमणी सार शाळेत तमिळ शिकवायचे. निवृत्त झाल्यावर आमच्याकडे वरच्या मजल्यावर आले. मुलंबाळं नाहीत. कपडे पांढरे, चप्पल दाराबाहेर भिंतीला समांतर. बायकोला ते "टीचर" म्हणायचे, कारण त्या दुसरीला शिकवायच्या, आणि त्या त्यांना "सार" म्हणायच्या. घरात विद्यार्थी कोणी नव्हतं.

खोटं बोलणं त्यांना जमायचं नाही. जमायचं नाही म्हणजे शब्दशः जमायचं नाही, जसं काहींना शिट्टी वाजवता येत नाही. पद्माने पहिल्यांदा वर डांगर पच्चडी पाठवली आणि संध्याकाळी विचारलं, कशी होती? सार जिन्यात थांबले, विचार केला आणि म्हणाले, "मीठ जास्त. पाठवण्यामागचं मन बरोबर." पद्मा दोन दिवस बोलली नाही. आमच्या गल्लीतल्या एकाला कुठल्याशा अर्जावर, या गृहस्थांना मी पाच वर्षं ओळखतो, अशी सही हवी होती. सारांनी चार वर्षं झाली आहेत असं सांगून त्याला पुढच्या वर्षी यायला सांगितलं.

"तुला काय सांगू पद्मा," मर्सी अक्का म्हणायच्या, "लग्नात अय्यरांनी विचारलं, सुखात दुःखात, आजारात हिला सांभाळशील का? सगळी माणसं हो म्हणतात. हा म्हणाला, प्रयत्न करीन. अख्खं चर्च हसलं. अय्यरांनी परत विचारलं. हा परत म्हणाला, प्रयत्न करीन, त्याहून जास्त मी आज कसं सांगू? माझे वडील उठून उभे राहिले!"

"मग?"

"मग काय? अय्यर म्हणाले, प्रयत्न म्हणजे हो असं मी धरतो. त्या धरण्यावर माझा संसार चाललाय."

सार बाजूला बसून हे ऐकत आणि मान हलवत, म्हणजे तपशील बरोबर आहे.

स्तोत्रम हा शब्द ते कशालाही म्हणायचे. देवाची स्तुती असो असा त्याचा अर्थ. बस मिळाली, स्तोत्रम. भात चांगला झाला, स्तोत्रम. एकदा उन्हाळ्यात दुपारी वीज गेली आणि वरून आवाज आला, "स्तोत्रम." पद्मा खालून ओरडली, "सार, आली की म्हणा हो! गेली तेव्हा कसलं स्तोत्रम?" सार कठड्यावरून वाकले. "अम्मा, आल्यावर कोणीही म्हणेल. गेल्यावर म्हणायला अवघड जातं. म्हणून हा सराव."

मला हे जरा जास्तच वाटायचं. इतकी भक्ती दाखवणाऱ्यांच्या संस्थांचं ऑडिट मी केलेलं आहे.

चर्चची ती वचनांची कार्डं सारच लिहायचे. बहुतेक चर्चेस छापील विकत आणतात. पण सारांचं अक्षर असं होतं की लोक गेल्या वर्षीचं कार्डसुद्धा टाकत नसत. दर डिसेंबरात वरच्या सागवानी टेबलावर पुठ्ठा, कातर आणि शाईचं पेन यायचं. तीनशेच्या वर घरं, तेवढीच कार्डं, आणि सारांचा एक नियम होता की कोणत्याही दोन घरांना एकच वचन जायचं नाही. "देवाला एवढं बोलायचं असताना त्याला एकच वाक्य पुन्हा म्हणायला कशाला लावायचं?" लिहून झालं की अक्का तपासायच्या. एखाद्या वर्षी वचन खरं कधी होणार, असं कोणी विचारलं तर सार म्हणायचे, "देव सही करतो. तारीख घालत नाही."

त्या डिसेंबरात अक्कांना बसवत नव्हतं. टेबलाशेजारी त्यांची खाट लावली होती. सार लिहायचे, त्या डोळे मिटून पडलेल्या असायच्या. तपासणी झाली नाही.

चर्चमधून परतल्यावर दुसऱ्या दिवशी सार खाली आले. आमच्या करारात कलम आहे, मालकाला विचारल्याशिवाय भिंतीला खिळा ठोकू नये. परवानगी मागायला ते खिळा बरोबर घेऊन आले होते, केवढा आहे ते मला दिसावं म्हणून. मी हो म्हटलं. कार्ड अक्कांच्या खाटेसमोर लागलं.

त्यानंतर माणसं यायला लागली. चर्चमधले लोक, ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे. कार्ड बघायचे, अक्कांचा हात धरून प्रार्थना करायचे, देवाने लेखी दिलंय म्हणायचे. सार दार उघडायचे, खुर्च्या द्यायचे आणि स्वयंपाकघरात निघून जायचे. स्वतःच्या बायकोसाठी चाललेली प्रार्थना टाळणारा भाविक. मी हेही नोंदवलं.

फेब्रुवारीत त्रिचीच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की आता आणखी औषध दिलं तर त्रास वाढेल, दिवस वाढणार नाहीत. गाडी मी चालवत होतो. येताना अक्का म्हणाल्या, "पुरे झालं सार. आता दुखणार नाही एवढं बघा." आणि मग, "तिरुवैयारूवरून घ्या ना राव सार, अशोका खाऊया." वाट वाकडी होती. पण त्या गावच्या त्या गरम हलव्याला नाही कोण म्हणणार? द्रोण त्यांच्या हातात दिला. त्यांनी एक चमचा खाल्ला, उरलेला नवऱ्याला दिला. सारांनी तो गाडीत बसून तळापर्यंत खाल्ला. "गोड जास्त आहे," म्हणाले. अक्का हसल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

अक्कांचा धाकटा भाऊ सॉलोमन पापनाशमला राहतो. गाडी शिकवायची शाळा आहे त्याची. त्याला हे थांबणं पसंत नव्हतं. दर आठवड्याला बसने यायचा आणि जिन्यातच आपल्या अत्तानवर, म्हणजे मेहुण्यांवर, सुरू व्हायचा. "अत्तान, चेन्नईला नेऊ या. पैसे मी उभे करतो. तुम्ही त्या कार्डाच्या भरवशावर अक्काला घरात ठेवलंय का?" सार म्हणायचे, "तिने पुरे म्हटलंय." "आणि तुम्ही लगेच ऐकलंत! पस्तीस वर्षांत एकदा तरी तिचं ऐकलं होतं का?"

अक्का मे महिन्यात सकाळी गेल्या. मी आणि पद्मा वरच होतो, सॉलोमन आदल्या दिवशीच आलेला. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मान हलवली. मग सारांनी, वीज गेल्यावर म्हणायचे त्याच आवाजात, म्हटलं, "स्तोत्रम."

सॉलोमनने त्यांची कॉलर धरली. आम्ही सोडवलं. मला त्या क्षणी कठड्यावरून वाकलेले सार आठवले, सराव म्हणणारे. पण हे सॉलोमनला सांगण्याची ती वेळ नव्हती, आणि खरं सांगायचं तर माझाही पूर्ण विश्वास नव्हता. सार रडले नाहीत. दफनाच्या वेळीही नाही. घरी येऊन अक्कांची पाण्याची बाटली धुतली आणि पालथी घालून ठेवली.

कार्ड भिंतीवर तसंच राहिलं.

जूनपासून बोलणं सुरू झालं. सार दर रविवारी चर्चला जायचे, गायचे, गुडघे टेकायचे. पण प्रभुभोजनाची, म्हणजे वेदीपाशी प्रसादाची भाकरी आणि द्राक्षरस घ्यायची, वेळ आली, सगळे रांगेने वेदीकडे गेले, की हे बाकावरच बसून राहायचे. पहिल्या महिन्यात लोकांना वाटलं, दुःख आहे. दुसऱ्या महिन्यात वाटलं, गुडघे दुखत असतील. तिसऱ्या महिन्यात रूबी अक्का पद्माला नळावर म्हणाल्या, "मनात मोठं पाप असल्याशिवाय माणूस देवाच्या पंगतीतून उठत नाही." थाळी धरायचं कामही त्यांनी सोडलं होतं. मग कोणी म्हणालं, शेवटी शेवटी दुखण्याचं औषध कोण देत होतं? सार स्वतः. किती देत होते, कोणी पाहिलं? हे पापनाशमपर्यंत गेलं आणि तिथून सॉलोमनच्या आवाजात परत आलं.

मी घरमालक. वर राहणाऱ्याबद्दल असं ऐकल्यावर मी कान झाकून बसणार नव्हतो. औषधाचं मला पटत नव्हतं, कारण नर्स रोज येऊन बाटल्या तपासायची. पण काहीतरी लपवलेलं आहे, याबद्दल मला शंका नव्हती. जिन्यात भेटले की ते पूर्वीसारखं डोळ्यांत बघत नसत. पद्माने त्यांना मुद्दाम विचारलं, "सांबार कसं होतं?" तर म्हणाले, "छान." या माणसाने कधी नुसतं छान म्हटलं नव्हतं.

सप्टेंबरात जुन्या बसस्टँडवरून घरी येताना डॅनियलची रिक्षा मिळाली. मी मागे बसलो आणि समोर, आरशाच्या खाली, सारांच्या अक्षरातलं कार्ड दिसलं. वाचलं. मरण तुला नाही, तू जगशील.

"हे कुठलं?" मी विचारलं.

"पहिल्या तारखेचं, सार. तुम्ही होतात की शेजारी. अक्कांना मिळालं तेच मलाही मिळालं. तेव्हा सांगितलं नाही, म्हटलं त्यांच्या आनंदात माझं कशाला? आता गाडी चालवताना बघतो आणि वाटतं, अक्कांचं खोटं ठरलं, माझं काय होईल?"

कोणत्याही दोन घरांना एकच वचन जायचं नाही. मी घरी न जाता रूबी अक्कांकडे गेलो, पद्माच्या ब्लाउजचं विचारायला. शिलाई मशीनच्या वर तेच वचन होतं. एक चूक असू शकते. दोन म्हणजे पद्धत.

घरी आलो. पद्मा वाटण वाटत होती. मी म्हटलं, "वरच्याने थाळी लावून ठेवली होती. आपल्या बाकाच्या थाळीत सगळी कार्डं एकच होती. म्हणून ती त्याने मागच्या बाकाला जाऊ दिली नाही."

पद्माने मिक्सर बंद केला. "तुमचं कणक्कु, तुमचा हिशेब, झाला? नऊ महिने लागले?"

तिने मिरच्यांच्या डब्यामागून एक कार्ड काढलं. आमच्या घराचं. तेच वचन. त्यावर आडव्या-उभ्या सुरकुत्या होत्या, मुठीत चुरगळल्यासारख्या.

"मी उघडलं आणि अक्कांकडे पाहिलं," ती म्हणाली. "त्यांनी माझी मूठ बंद केली. अशी घट्ट. वर तोंडाने स्तोत्रम म्हणत होत्या आणि खाली माझी बोटं दाबत होत्या."

"म्हणजे त्यांना कळलं होतं?"

"आधीपासून. पण कोणाला सांगणार नाही अशी शपथ घेतलीय मी. तुम्हालाही नाही. आता तुम्ही मला विचारू नका आणि वर जाऊ नका."

मी वर गेलो नाही. पण पुढच्या रविवारी दुपारी वरूनच बोलावणं आलं. सॉलोमन आला होता आणि त्याने सारांना सांगितलं होतं, आज साक्षीला घरमालक हवा. मी गेलो, पद्मा माझ्या मागोमाग आली आणि दारात उभी राहिली.

सॉलोमन कार्डासमोर उभा होता. "अत्तान, एकच विचारतो. देवाच्या पंगतीला का जात नाही? काय केलंत तुम्ही माझ्या अक्काला?"

सार खुर्चीत बसले होते. "औषध नर्सच्या मापाने दिलं. दुसरं विचार."

"मग दुसरं विचारायचं तर देवालाच विचारावं लागेल. हे काय आहे?" त्याने कार्डावर बोट आपटलं. "तीनशे घरांतून हे तिलाच का दिलं? लिहून दिलं आणि पाच महिन्यांत फिरवलं? आमच्या गावचा सावकारसुद्धा एवढा लबाड नाही. तुम्ही काही केलं नसेल तर त्याने केलं. तुम्हाला नको असेल त्याची पंगत, तर मलाही नको. आजपासून चर्चची पायरी चढलो तर नाव बदला माझं."

सार उठले. इतके महिने स्वतःवरचे आरोप त्यांनी बसून ऐकले होते. हा मात्र त्यांना बसून ऐकवला नाही.

"त्याने फिरवलं नाही," ते म्हणाले. "त्याने दिलंच नव्हतं. मी दिलं. त्या थाळीतली सगळी कार्डं हीच होती. टीचरचा हात कुठेही गेला असता तरी हेच आलं असतं. तिला धीर यावा एवढंच मनात होतं. सही त्याची होती, केली मी. असे हात घेऊन त्याच्या पंगतीत कसा बसू? पण तू त्याला सोडू नकोस, सॉलोमन. मला सोड."

सॉलोमन खुर्ची ओढून बसला. हळू म्हणाला, "म्हणजे माझी अक्का खोट्यावर विश्वास ठेवून मेली."

सारांच्या तोंडावर जे आलं ते मी पाहिलं. हेच वाक्य त्यांनी स्वतःला मे महिन्यापासून ऐकवलं असणार. दुसऱ्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते.

"नाही मेल्या," दारातून पद्मा म्हणाली. "अक्कांना माहीत होतं."

तिने सगळं सांगितलं, शपथ मोडून. डिसेंबरात अक्का खाटेवर डोळे मिटून पडायच्या आणि पेनाचा आवाज ऐकायच्या. वीस वर्षं ऐकत आलेल्या. तमिळमध्ये अक्षरांवर ठिपके देतात आणि सार ते दाबून देतात. लाकडावर टक असा आवाज होतो. प्रत्येक वचनाचे ठिपके वेगळ्या ठिकाणी पडतात. एका सकाळी पेन पुन्हा पुन्हा त्याच चालीने चाललं. अक्कांनी ठिपक्यांवरून वचन ओळखलं. नंतर पद्माला म्हणाल्या होत्या, "राहू दे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यासाठी खोटं बोलतोय. लग्नातसुद्धा बोलला नव्हता. कळलं असं दाखवलं तर लाजेने मरेल. म्हणून मोठ्याने वाचलं, त्याला बरं वाटावं."

सॉलोमन आधी हसला आणि मग हातात तोंड लपवून रडला. सार उभेच होते. म्हणाले, "राव सार, तुम्ही आता खाली जा. मला विचार करायचा आहे."

मीही खाली येऊन विचार करत होतो. पद्मा प्रसंगाला चांगलं बोलते हे मला माहीत आहे. माझ्या बहिणीला तिने सांगितलेल्या कितीतरी गोड गोष्टी मी तपासल्या तर उभ्या राहायच्या नाहीत. सुरकुतलेल्या कार्डावरून मूठ दाबल्याचं सिद्ध होत होतं. ठिपक्यांचं काय? मी तिला विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही आणि तुमचं ऑडिट," आणि भात उतरवायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारांनी मला हाक मारली. टेबलावर पुठ्ठा कापलेला, पेन भरलेलं.

"पद्माम्मा चांगली बाई आहे," ते म्हणाले. "म्हणूनच मला शंका आहे. चांगली माणसं अशा वेळी काहीही बोलतात. मीच नाही का लिहिलं? तुम्ही कोणावर विश्वास ठेवत नाही, म्हणून तुम्हाला बोलावलं. त्या खाटेवर पडा. डोळे मिटा."

मी पडलो. अक्कांच्या खाटेवर पडणं मला बरं वाटलं नाही, पण पडलो. भिंतीवर कार्ड होतं, ते पाहून डोळे मिटले. पेन चालू झालं.

आधी नुसती खरखर ऐकू आली. मग ठिपके वेगळे ऐकू यायला लागले. टक. मग बराच वेळ नाही, मग दोन लागोपाठ. कार्ड बाजूला ठेवल्याचा आवाज. पुढचं वेगळं, सुरुवातीलाच तीन. त्याच्या पुढचं आणखी वेगळं. असं किती चाललं कोण जाणे, माझं लक्ष लागत गेलं. मग एक आलं, लांब, मध्ये एक ठिपका, शेवटी भराभर. पुढचं तसंच. त्याच्या पुढचं तसंच.

"हे," मी म्हटलं. "हे तेच आहे. आणि हेही. हेही."

पेन थांबलं. मी डोळे उघडले. सारांनी तीन कार्डं माझ्यासमोर धरली. तिन्हींवर अक्कांचं वचन होतं.

"तुम्हाला एका सकाळीत कळलं," ते म्हणाले. "ती वीस वर्षं ऐकत होती." त्यांनी कार्डं टेबलावर ठेवली, पेनाला टोपण लावलं. "मोठ्याने वाचलं हो तिने. किती छान वाचलं!" आणि मग ते रडले. खाली पद्माला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मी खाटेवरच बसून राहिलो. थोड्या वेळाने त्यांनी रुमालाने तोंड पुसलं आणि एकच शब्द म्हटला. तो कोणता, हे लिहायची गरज नाही.

नंतर ते अय्यरांना भेटले, सांगायचं ते सांगितलं. त्यानंतरची पहिली गोष्ट त्यांनी डॅनियल आणि रूबी अक्कांच्या घरी जाऊन केली. ती वचनं माझी होती, देवाची नव्हती, असं दोघांना सांगितलं आणि कार्डं परत मागितली. रूबी अक्कांनी दिलं. डॅनियल म्हणाला, "लिहिलं तुम्ही असेल, सार. पण मी जिवंत आहे ना अजून? राहू दे," आणि रिक्षा सुरू केली.

डिसेंबरात लोकांनी आग्रह केला म्हणून सारांनी पुन्हा कार्डं लिहिली, पूर्वीच्याच नियमाने. फक्त मला एक सूचना करावीशी वाटली. जो लिहितो त्याने थाळी धरू नये. कोणत्याही संस्थेत हा नियम असतो. सारांनी लगेच मान्य केलं. "हे तुम्ही गेल्या वर्षी सांगायला हवं होतं," म्हणाले.

यंदा पहिल्या जानेवारीला आम्ही पुन्हा गेलो. कोणी बोलावलं नव्हतं. तोच बाक. चाकांच्या खुर्चीच्या जागी सॉलोमन बसला होता, पापनाशमहून पहिल्या बसने आलेला, शर्टाला इस्त्री करून. वचनांची थाळी एका कॉलेजच्या मुलीने फिरवली. सारांनी डोळे मिटून कार्ड उचललं, वाचलं आणि खिशात ठेवलं. काय आलं ते सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. पद्माने मात्र आपलं उघडल्या उघडल्या शेजारी डोकावून सॉलोमनचं पाहिलं. वेगळं होतं.

प्रभुभोजनाच्या वेळी लोक उठले. सार उठले. सॉलोमन त्यांच्या मागे गेला. वेदीपाशी गुडघे टेकायला सारांना कठड्याचा आधार घ्यावा लागला, मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले, एकावर एक, तळवे वर. माझ्या जागेवरून त्यांची पाठ दिसत होती आणि पांढऱ्या शर्टाची मागची घडी.

पैशांची थाळी शेवटी आली. ती जेबमणी सारांनी धरली होती. माझ्यासमोर थांबले, जरा वाकले आणि हळूच म्हणाले, "राव सार, ही पैशांचीच."

मी पन्नास रुपये टाकले.